ताणावरची बाग आणि आत्यांचा हंडा

आमच्या घरात फोनचा एक कायदा होता. जो बाहेर जाईल त्याच्या खिशात मोठा फोन. आणि बाहेर जायचे कोण, तर आमचे मालक. सकाळी डेअरीत दूध घालायचं, मग सणसरला खताच्या दुकानात बसायचं, नाहीतर इंदापूरचा बाजार गाठायचा. त्यामुळं शेतीच्या सल्ल्याचे जे आवाजी निरोप बारामतीहून ग्रुपवर यायचे, ते सगळे चहाच्या टपरीवर वाजायचे. डाळिंबाच्या बागेत दिवसभर वाकायची मी, आणि बागेत काय करायचं ते ऐकायचा टपरीवाला. आता बोला!

मालक घरी आले की मी विचारायची, "आज काय सांगितलं?"

"कायतरी फवारा म्हणं."

"काय फवारा?"

"ते हे गं... नाव तोंडात हाय बघ. उद्या सांगतो."

असल्या तुकड्यांवर बाग कशी पिकायची? डाळिंबाचं एक असतं. फळं उतरली, झाडाला जरा विसावा मिळाला, की पाणी तोडायचं. पानं पिवळी पडून गळतात, झाड उघडं होतं. मग छाटणी करायची, शेणखत घालायचं आणि पाणी सोडायचं. तहानलेलं झाड पाणी लागल्यावर कळ्यांनी लगडून येतं. याला बाग ताणावर सोडणं म्हणतात, आणि पाणी कधी तोडायचं, कधी सोडायचं यावर सगळा बहार. आधल्या साली "पाणी तोडा" हा निरोप टपरीवरून माझ्यापर्यंत आला, तेव्हा लोकांच्या बागा फुटायला लागल्या होत्या. आमच्या झाडांवर कळी शोधायला भिंग लागलं असतं.

माझं डोकंच फिरलं. मी परातीत पीठ तसंच सोडलं आणि मालकांना म्हणाले, "यंदाचा बहार मी धरनार. मोठा फोन हितं ऱ्हाईल. तुमी बटनांचा न्या."

"आन् कळी न्हाय निघाली तर?"

"तर फोन तुमचा. बागंबद्दल तोंडातनं शब्द काढनार न्हाय."

मालक खुशीत हसले. मी गप्प बसणार, या कल्पनेनंच त्यांना हसू आलं असावं. पण पैज लागली ती लागली.

मग काय विचारता! कानात वायर घालून मी बागेत हिंडायला लागले. गवत काढताना निरोप, शेण भरताना निरोप. बारामतीच्या सल्ल्याच्या मॅडम इतकं सोपं सांगायच्या की वाटायचं, ही बाई आमच्याच बांधावर उभी आहे. पानाचा फोटो पाठवला की उत्तर यायचं. त्यांनी सांगितल्या दिवशी मी ठिबकचा व्हॉल्व्ह बंद केला आणि मालकांना बजावलं, "ह्याला हात लावायचा न्हाय."

थंडी पडली. बागेची पानं पिवळी पडायला लागली, खाली सडा पडला. माझं काळीज सुपाएवढं झालं. फक्त घराजवळची एक ओळ होती, ती ढिम्म हलेना. पान हिरवंगार. बाकीची बाग उघडी पडत चाललेली आणि ही ओळ नवरीवानी नटून उभी.

मी फोटो पाठवला. मॅडम म्हणाल्या, कुठंतरी पाणी झिरपत असणार. मालकांनी ठिबकची नळी उचलून बघितली, कोरडी. म्हशीच्या हौदाला तडा गेलाय का ते बघितलं, तर हौद ठणठणीत. मालकांना मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. "फोनला इचार की," म्हणायचे, "त्येला समदं ठावं असतं." मला असा राग यायचा की, जाऊ द्या.

एका दुपारी मी म्हशीसाठी उसाचं वाढं आणायला गेले आणि विळा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून माघारी आले. बघते तर माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, कमरेवर हंडा घेऊन त्या ओळीत. हौदातलं पाणी झाडाच्या बुडात ओतत होत्या आणि झाडाशी बोलत होत्या, "पी बाबा, पी. ती गेलीया."

मी कपाळावर हात मारला. "आत्या! आवो, हे काय चालवलंय तुमी?"

आत्या काही दचकल्या नाहीत. हंडा उपडा करून शेवटचा थेंब पाडला आणि म्हणाल्या, "पानी पाजती. तू पाजत न्हाईस, मग कुनी पाजायचं?"

"तोडलंय म्या पानी. मुद्दाम तोडलंय!"

"ते दिसतंयच की. दुष्काळात टँकरची वाट बघून, डोक्यावर हंडं वाहून जगवलीत म्या ही झाडं. तवा बोटाएवढी हुती. तू कानात दोरी घालून हिंडतीस आन् माझी झाडं वाळत्यात. म्या बघत बसू व्हय?"

"आवो, पानी तोडल्याशिवाय कळी न्हाय निघत. तसा निरोप आलाय."

"कुनाला आलाय? मला तर न्हाय आला." आत्यांनी हंडा खाली आदळला. "आधी ते यंत्र त्याच्या खिशात हुतं, आता तुझ्या कानात हाय. म्या कुठनं ऐकायचं?"

तहान म्हणजे काय, हे घरात आत्यांएवढं कुणाला कळत होतं? आणि त्यांनाच कुणी काही सांगितलं नव्हतं. मी हंडा उचलला, आत्यांना ओट्यावर बसवलं, कानातली वायर काढून फेकली आणि मॅडमचा निरोप मोठ्यानं लावला.

आत्यांनी तो पूर्ण ऐकला. मग परत लावायला लावला. मध्येच फोनला म्हणाल्या, "बरं बाई, पन वाळून गेलं म्हंजी?" फोन आपला पुढं बोलतच राहिला, तर मला म्हणाल्या, "उलटं उत्तर देत न्हाय व्हय ही?" मला हसू आवरेना. शेवटी त्या म्हणाल्या, "असं आधी सांगायचं. म्या काय येडी हाय का?"

त्या दिवसापासून दुपारची भाकरी झाली की ओट्यावर निरोप मोठ्यानं वाजायला लागला. आत्यांनी हंड्याला हात लावला नाही. पण बागेकडं बघताना पदरानं डोळे पुसायच्या, ते मी बघितलंय.

छाटणी झाली, शेणखत पडलं. व्हॉल्व्ह उघडायचा दिवस आला, तेव्हा मी म्हणाले, "आत्या, तुमी फिरवा." नळ्यांतून पाणी सुरू झालं तशा त्या ओळीओळीतून फिरून प्रत्येक झाडाशी थांबल्या. पुढं लालचुटूक कळी निघाली, अशी निघाली की फांदी दिसेना. अगं बाई, मी तर बांधावरच नाचले! आणि आत्यांची ओळ? नुसता पाला. शोधून शोधून तुरळक कळी.

मालक बागेतून फिरून आले, डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "फोन ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच," म्हणाले.

"माझ्याकडं न्हाय, ओट्यावर," मी म्हणाले.

आत्या मात्र हिरमुसल्या होत्या. आपल्या ओळीकडं बघत बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "त्या बाईला मला कायतरी सांगायचंय. कुठं बोलायचं?"

ग्रुपवर बोललं की मॅडमबरोबर बाकीच्या बायाही ऐकतात, असं सांगून मी बटण दाबलं आणि फोन त्यांच्या तोंडापुढं धरला. आत्या सरळ बसल्या, डोक्यावर पदर घेतला आणि गावाला हाक मारावी तशा आवाजात बोलल्या. "बायांनू, ऐका. सून ताण देत हुती, म्या चोरून हंड्यानं पानी घातलं. समद्या बागेत कळी हाय, माझ्या ओळीत न्हाय. झाडाची माया यीती, मला बी आली. पन पानी घालू नगा. आन् सुनांनू, तुमी घरात सांगत जावा की गं!"

भाकऱ्या व्हायच्या आत उत्तरं सुरू झाली. वरकुट्याची एकजण, जिची बाग अजून ताणावर होती, हसत हसत म्हणाली, आमच्या सासऱ्यांनीबी हेच केलं, आम्ही ठिबकची नळी फुटली म्हणून शोधतोय. दुसरी म्हणाली, आजी, माझ्या आईला ऐकवलं, ती आता कबूल झाली. मॅडमनीही निरोप टाकला, "आजी, हे मी सांगून कुणी ऐकलं नसतं."

आत्या एकेक आवाज कान देऊन ऐकत होत्या. "ह्या समद्या माझं ऐकून बोलत्यात?"

"व्हय, आत्या."

"लांबच्या हायत?"

"काही बारामतीच्या, काही पार इंदापूरच्या पल्याडच्या."

आत्यांनी फोनवरून पदर फिरवून तो पुसला. मग म्हणाल्या, "लगीन होऊन आले तवापासनं ह्या घरात बोलतीया मी. चुलीफुडनं सोप्यापातूर बी कधी गेलं न्हाय माझं बोलनं."

मला भडभडून आलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायला गेले, तर त्यांनी तो झटकला.

"रडतीस काय? धर ते बटन," त्या म्हणाल्या. "अजून लई सांगायचंय मला."