पाणी ओतून धुतलेलं घर

रत्नागिरीच्या खाडीकाठचं आमचं घर सोडून निघाले, तेव्हा अम्मा दारात बादली घेऊन उभी होती. नुकताच ओटा धुतलेला, पाय ओले. रडली नाही. एवढंच म्हणाली, "जाशील तिथं पहिलं घर धू गो. भरपूर पाणी ओतून. त्याशिवाय घर आपलं होत नाही."

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. पण बायांनो, तुमच्यातल्या ज्या इकडे आल्यात त्यांना ठाऊक आहे. इथं सौदीत, जेद्दात आम्ही घरं बदलली ती सगळी भाड्याची, आणि प्रत्येक मालकाचं एकच, पाणी ओतायचं नाही, पोछा मारा. नळ बिघडला की हारिसला, म्हणजे बिल्डिंगच्या राखणदाराला हाक मारायची, तो मालकाला सांगणार. आपण इकाम्यावरची, म्हणजे राहायच्या परवान्यावरची माणसं. मी निमूट पोछा मारला, केस पिकेपर्यंत.

मग परदेशी माणसालाही इथं घर घेता यायला लागलं, आमचा मुलगा सलीम कमावता झाला, आणि अझीझियात आम्ही स्वतःचा फ्लॅट घेतला. चावी हातात पडली, खोकी तशीच ठेवून मी आधी बादली भरली. बिस्मिल्ला म्हणून ओतली. हॉल, किचन, सगळं पाणी खराट्यानं बाथरूमकडे लोटत नेलं. काय सांगू, पाय गार झाले तसा जीवही गार झाला.

संध्याकाळी बेल वाजली. खालच्या मजल्यावरची उम्म हसन, सिरियाची. हाताला धरून मला खाली घेऊन गेली. तिच्या बाथरूमच्या छतातून टपटप चालू, खाली टब लावलेला.

"मालकाला फोन लाव," ती अरबीत म्हणाली.

मी सवयीनं मागे वळून बघितलं. मागे कोण असणार?

"अना," मी म्हटलं. मीच.

"मग बघतेस काय? यल्ला!"

वर आले तर आमचे हे खोक्यावर बसलेले. "भाड्याच्या घरात सुखात होतो. हे भाड्यानं देऊ आणि आपण परत भाड्याच्या घरात जाऊ." गंमत नव्हती, त्या दिवसापासून खोकी सोडायचीच बंद केली त्यांनी. सलीमही म्हणाला, "मम्मा, इट्स नॉट वर्थ इट."

प्लंबर आला, बाथरूममधल्या पाणी जायच्या जाळीभोवती सिमेंट फासून "खलास" म्हणून गेला. दोन बादल्या ओतल्या, पुन्हा टपटप. मग मात्र मी पदर खोचला. त्याला परत बोलावलं, बाथरूमच्या दारात स्टूल टाकून बसले, सगळ्या लाद्या काढायला लावल्या, खालून वॉटरप्रूफिंग नवं करून घेतलं. ते सुकून लाद्या बसल्यावर तो हत्यारं आवरायला लागला.

"खलास कैसा? पानी भरो."

"खाला, पानी का ही तो झगडा है."

"इसी लिये भरो."

गावी स्लॅब पडला की गवंडी मातीची आळी करून त्यावर पाणी साठवतात ना, ते मला आठवलं. गळायचंच असेल तर आत्ता गळू दे, माझ्या डोळ्यांदेखत. जाळीत कापडाचा बोळा कोंबला आणि उंबऱ्यापर्यंत पाणी साठवलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन खाली गेले. उम्म हसन टेबलावर चढली, टिश्यू छताला दाबला, उलटसुलट करून बघितला. कोरडा. मग ह्यांना विचारते कशी, "मालक कोण?" ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. ती हसत खाली उतरली, म्हणाली, आमच्या गावीही असंच पाणी ओतून घर धुतात, आता खुशाल धू.

वर येऊन बोळा काढला, पाणी सोडून दिलं आणि घर पुन्हा धुवायला बादली भरायला लावली. हॉलमधून कात्रीचा आवाज आला. हे खोकी उघडत होते.

गावचा ओटा अजून आहे, भावजय धुते, माझा जीव तिथं गुंततोच. पण माझं घर आता इथं. इथं काही गळलं तर मालकाला शोधत कुणी दुसरीकडे जात नाही, माझ्या दाराची बेल वाजते.

दोनदा धुवावं लागलं गो अम्मा. पण झालं आपलं.