चेंबरमधून काढलेला बोर्ड

माझ्या रोबोटसाठी कॉम्प्युटरचा बोर्ड घ्यायला गेले तेव्हा समोर दोन होते. एक लहान, संथ, पण फारसा न तापणारा. दुसरा दणकट, कॅमेऱ्यातलं चित्र झटक्यात ओळखणारा, आणि तापणारा. जळगावच्या दुकानदाराने सरळ सांगितलं, "ताई, हा एसीतल्या टेबलावरचा माल आहे. तुम्ही केळीत फिरवणार. लहान घ्या."

मी दणकट घेतला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. मला कोणी 'लहान घ्या' म्हणावं, हे लागलं. कारण एवढंच होतं. घरी मात्र वेग, मेमरी असलं काहीबाही सांगितलं.

रोबोट म्हणजे चार चाकांची गाडी. केळीच्या ओळीतून जायचं, पानं बघायची आणि करपा रोग पडलेलं पान दिसलं की बोलायचं, बस. जळगावात मेहरूणच्या माझ्या खोलीत ती छान बोलायची. बोर्ड थंड राहावा म्हणून त्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा होता, त्यावर छोटा पंखा. धूळ जाऊ नये म्हणून मी वरून डबा बसवला, बारीक भोकांचा. असोद्याला, आमच्या गावी, शनिवारी शेतात चालवली तर बाराव्या मिनिटाला बंद पडली. डब्यातला पंखा तीच गरम हवा फिरवत होता.

आणि आबांनी, म्हणजे वडिलांनी, रविवारी चार वाजता लोक बोलावून ठेवले होते. "माही पोरगी यंत्र करू राह्यली," असं पारावर सांगून.

रविवारी सकाळी डब्याला मोठी भोकं पाडायला ड्रिल नव्हतं. आबा म्हणाले, "नानाच्या चेंबरमधी ठेव. केळी थंड राह्यते, तुह्यं यंत्र नाही राह्यनार?" शेजारच्या नानांचं केळी पिकवायचं चेंबर आहे, आत सोळा अंश. गाडी थंड असली तर तापायला वेळ लागेल, तेवढ्यात दोन ओळी होतील, असा हिशेब मी केला. शिकलेल्या माणसाचा हिशेब. गाडी क्रेटांच्या मध्ये ठेवली.

जून लागला होता, ढग आलेले, अंगाला चिकटणारा उकाडा. पावणेचारला गाडी बाहेर काढली. बांधावर दहा-बारा जण बसलेले. बटणावर बोट ठेवलं आणि डब्याकडे लक्ष गेलं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा तो घामाघूम झाला होता. झाकण उघडलं. पात्यांवर, बोर्डावर, सगळीकडे बारीक थेंब.

चालू केला तर बोर्ड जळायची भीती. नाही केला तर आबांचा शब्द.

"चालव ना," आबा हळूच म्हणाले. "लोकं बसेल हायेत."

"आबा, आत पाणी धरलंय. वाळल्याशिवाय लावता येणार नाही."

"कोनाची चूक?"

"माझी," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "थंड वस्तू उकाड्यात काढली की ओली होते, हे मला माहीत होतं."

नाना हसले. "माह्या चेंबरात पडसं झालं वं तिले!" बांधावरचे दोघं उठून गेले. आबांनी डोक्यावरचा रुमाल काढून माझ्या हातात दिला, डबा पुसायला. बोर्डाला मी कापड लावलं नाही, पाण्याच्या मोटारीच्या खोलीतला पंखा समोर धरला. तासभर. त्या तासात मी कोणाच्या तोंडाकडे बघितलं नाही.

मग झाकण न लावताच गाडी सोडली. आठ झाडं गेली. तीनदा 'करपा' म्हणाली. त्यातलं एक पान नुसतं वाऱ्याने फाटलेलं होतं, ते नानांनी लगेच दाखवलं. बोर्डाच्या तापमानाचा आकडा ऐंशीच्या पुढे गेला, गाडी रेंगाळली, नवव्या झाडाजवळ थांबली.

घरी जाताना आबांनी विचारलं, "दुकानवाला काय म्हने?"

"लहान घ्या म्हणे."

"मंग मोठा कायले घेतला?"

"तो मला कमी लेखतो असं वाटलं."

"तो यंत्राचं सांगू राह्यला व्हता. तुह्यं नाही."

सोमवारी मी लहान बोर्ड मागायला त्याच दुकानात गेले. आणि असोद्यात ज्याने विचारलं त्याला आबा सांगत राहिले, "बंद पडलं. पुन्हा करू राह्यली."