अर्धी खूण

आमच्या घराच्या ओटीवरून सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळी माळाच्या कडेची सातवण दिसते. सरळसोट वाढलेली, आसपास दुसरं उंच झाड नाही. रोज सकाळी कणकवलीच्या शाळेत जायला निघताना मी तिच्याकडे बघायचं टाळतो आणि तरीही बघतोच.

हे झाड माझ्यामुळे वाचलं, असं गावात म्हणतात. ते खरं आहे. पण सगळं खरं तेवढंच नाही, म्हणून लिहितो आहे.

आमचं घर गाबताचं, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांचं. वडील आणि काका एका होडीवर जायचे. किनाऱ्यापासून लांब, पाण्याखाली एक खडप, म्हणजे खडकाचा उंचवटा आहे. तांबोशी आणि गोबरे हे मोठे मासे तिथे गरीला, म्हणजे गळाला लागतात. वरून काहीच दिसत नाही, सगळीकडे सारखं पाणी. ती जागा सापडते ती जमिनीवरच्या खुणांनी. सातवणीचा शेंडा इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या क्रूसावर नेमका आला की होडी एका रेषेवर आली असं समजायचं. मग त्या रेषेवरून पुढे जात दुसरी खूण जुळेपर्यंत थांबायचं नाही. ती दुसरी खूण मी इथेही लिहिणार नाही.

अशी खूण घरातली असते. ती बायकोला सांगत नाहीत, व्याह्याला सांगत नाहीत. वडिलांनी मला एकदाच होडीवर नेऊन ती दाखवली आणि पाण्यात हात घालून शपथ घ्यायला लावली. मी पुढे शिकलो, भूगोलाचा शिक्षक झालो. खूण गेली चुलत भावाकडे. तो माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठा, आम्ही त्याला दादा म्हणतो. तो दर वर्षी पावसाच्या आधी काथ्याच्या दोरीचा फास पायात घालून सातवणीवर चढायचा आणि तिच्यावर वाढलेलं बांडगूळ कोयत्याने तोडून टाकायचा. लोकांना वाटायचं, औषधाला साल काढतो.

मग विजेची नवी लाइन आली. ती आम्हाला हवीच होती. वादळ झालं की आमच्याकडे आठवडा आठवडा अंधार. बर्फ मिळत नाही, मासे कुजतात. मोठ्या टॉवरची लाइन सड्यावरून जाणार होती आणि तिच्याखालच्या पट्ट्यातली उंच झाडं तोडावी लागणार होती. कंपनीने ठरवलं, मार्ग गावाला विचारून आखायचा. एक तरुण इंजिनीयर मॅडम आल्या. लोकांना गोळा करायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं, कारण मी मास्तर. मी घरोघर फिरलो. "या वेळी खरंच विचारतायत," असं मी ज्याला त्याला सांगितलं. आणि माझा त्यावर विश्वास होता, तो आजही गेलेला नाही. हीच तर अडचण आहे.

पहिल्या सभेला गावातल्या शाळेच्या भिंतीवर गावाचा मोठा नकाशा लावला होता. मॅडमनी बाजारातून लाल टिकल्यांची पाकिटं आणली होती. जिथून लाइन जाऊ नये असं वाटतं, तिथे प्रत्येकाने टिकली लावायची. देवळावर टिकली, देवराईवर टिकली, इगर्जीमागच्या कबरींवर, हापूसच्या बागांवर टिकल्या.

"माझ्या संडासार लाव गो एक," शेजारची काकी आपल्या सुनेला म्हणाली, "आत्ताच लादी घातलंव."

"तुझो संडास गावाचो वारसो आसा काय?" कुणीतरी मागून ओरडलं आणि सगळी शाळा हसली.

दादा शेवटच्या बाकावर होता. टिकली त्याच्या अंगठ्याच्या नखावर चिकटलेली होती. सभा संपेपर्यंत ती तिथेच राहिली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "दादा, सातवणीर कित्याक लावलंस नाय?"

"लावलंय तर इचारतले ना, हयसर काय आसा म्हणान. मगे काय सांगू?"

"सांग, राखणदार देवचार रवता. कोण हात लावचो नाय."

तो थांबला. "तू मास्तर मां? देवचाराच्या नावान खोटा बोललंय, तर फाल्यां दर्यात खंयच्या तोंडान जाव?"

दुसऱ्या सभेत मॅडमनी नवा मार्ग दाखवला. सगळ्या टिकल्या चुकवून निळी रेघ वळत वळत गेली होती. काम त्यांनी मनापासून केलं होतं, हे दिसत होतं. सड्याच्या कडेला आल्यावर त्यांनी बोट टेकवलं. "इथे कुणीच काही लावलेलं नाही, म्हणून आपण इथून नेतोय. एक मोठं झाड जाईल फक्त. चालेल ना सगळ्यांना?"

लोक म्हणाले, चालेल. बागा वाचल्या होत्या, देऊळ वाचलं होतं. मी दादाकडे बघितलं. तो स्वतःच्या पायांकडे बघत होता. तो बोलणार नव्हता. बोलला तर खूण जाणार, नाही बोलला तर झाड जाणार. त्याने झाड जाऊ द्यायचं ठरवलं होतं. मला ते कळत होतं आणि सोसत नव्हतं.

मी उभा राहिलो. म्हटलं, ते झाड ठेवा, मच्छीमारांना समुद्रातून खूण म्हणून लागतं.

मॅडमचा चेहरा उजळला. "सर, हे तर आम्हाला माहीतच नव्हतं. पण मला वर कारण पटवून द्यावं लागेल. कसं लागतं, ते दाखवाल?"

मी पट्टी घेतली. वर्गात एवढी वर्षं शिकवतो आहे की एका रेषेवर ठिकाण सापडत नाही, दोन रेषा लागतात. एकच दाखवली तर काय बिघडतं? दुसरी माझ्या पोटात सुरक्षित होती. मी सातवणीपासून क्रूसावरून थेट समुद्रात, कागदाच्या टोकापर्यंत रेघ मारली. रेघ सरळ आली. शिक्षकाला फळ्यापुढे उभं राहायची सवय असते.

खोलीत निम्मे होडीवाले होते. त्यातला एकजण म्हणाला, "आवशीक, म्हणजे दादाचे तांबोशे हयसून येतत होय!"

सगळे हसले. दादाही हसला.

त्या रात्री मी त्याच्या घरी गेलो. वहिनीने चहा दिला आणि ती आत निघून गेली. मी म्हटलं, "दादा, अर्धीच सांगलंय. दुसरी कोणाक म्हायत नाय."

"अर्धा दार उघडा ऱ्हवला तरी मांजर आत येताच मां," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याने मला बसवून चार शिव्या तरी घातल्या असत्या.

तसंच झालं. मशीनवाल्या होड्या त्या रेषेवरून गरी सोडत पुढे पुढे गेल्या आणि एके दिवशी एकाला तांबोशी लागली. त्याने ती जागा मोबाइलमध्ये टिपून ठेवली. आता त्याला झाडही लागत नाही, क्रूसही लागत नाही. त्याच्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. महिन्याभरात खडपावर इतक्या होड्या उभ्या राहू लागल्या की दादाच्या छोट्या वल्ह्याच्या होडीला मध्ये घुसायलाही जागा राहिली नाही. मी त्याला म्हटलं, नवी जागा शोधूया, मी रविवारी येतो तुझ्याबरोबर.

"ही जागा शोधूक आज्याची हयात गेली," तो म्हणाला. "माका आता हयात खंय?"

तो आता किनाऱ्याजवळच जाळं टाकतो. वहिनी अजून आमच्याकडे वाटा पाठवते, पूर्वी तांबोशीचा तुकडा यायचा, आता किनाऱ्यालगतचे लहान मुडदुशे येतात. बायको रस्सा करते. मी जेवतो.

लाइन झाली. निळी रेघ सातवणीला वळसा घालून गेली. मागच्या वादळात आमच्याकडे दिवे दुसऱ्याच दिवशी आले आणि मलाही बरं वाटलं. मॅडमनी फोन केला होता. म्हणाल्या, "सर, तुमच्या गावाचं उदाहरण आम्ही सगळीकडे देतो. त्या झाडाचा फोटोसुद्धा दाखवतो." मी आभार मानले. काय सांगणार होतो? त्यांची काही चूक नव्हती. त्यांनी विचारलं होतं, मी उत्तर दिलं होतं.

यंदा दादा सातवणीवर चढला नाही. बांडगुळाचे हिरवे गुच्छ ओटीवरूनही दिसायला लागले, शेंड्याजवळच्या दोन फांद्या वाळल्या. मेच्या अखेरीस मी त्याच्याकडून दोरी आणि कोयता मागितला. त्याने काही न विचारता काढून दिला. मी सड्यावर गेलो, चपला काढल्या, फास पायात घातला आणि खोडाला मिठी मारली. दोनदा घसरून खाली आलो. छाती खरचटली. मग नुसताच उभा राहिलो, कोयता हातात घेऊन. सातवणीची पहिली फांदी माझ्या हाताच्या किती तरी वर आहे.

खाली समुद्रात, क्रूसाच्या सरळ रेषेत, होड्या उभ्या होत्या.