बिरप्पाचं वय

सोलापूरच्या सात रस्त्यावर कचेरीच्या भिंतीला लागून मी लोकांचे अर्ज लिहायला बसतो. वीस वर्षांत इतकं खोटं लिहिलंय की आता खरं लिहिताना हात अडखळतो. पण विरुपाक्ष अण्णांइतका निर्लज्ज माणूस माझ्याकडे दुसरा आला नाही. आले तेही उपकार केल्यासारखे, आणि उभ्या उभ्याच हुकूम सोडत होते.

साल १९७२. पावसानं पाठ फिरवलेली, नळाला घागरींच्या रांगा, आणि आमच्या पुढाऱ्यांना स्वातंत्र्याच्या पंचविशीनिमित्त सत्कार सुचला. कुणाचा, तर स्वतःचाच. समितीचे अध्यक्ष विरुपाक्ष अण्णा आणि सत्काराच्या यादीत पहिलं नावही विरुपाक्ष अण्णांचंच. अठ्ठेचाळीस साली निजामाच्या राज्याविरुद्ध सरहद्दीवर लढणाऱ्यांचे कॅम्प होते, त्यातला एक यांनी चालवला होता. लढा खराच होता, त्यात जीव दिलेली माणसंही खरी होती. ती मात्र हार घालून घ्यायला उरली नव्हती.

"सत्कारासाठी बिरप्पाचा अर्ज लिहा," अण्णा म्हणाले. "निजामाच्या नाक्यावरच्या हल्ल्यात यानंच गोळी झाडली. वय घाला अठरा."

बिरप्पा मागं उभा होता. नव्या पेठेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकणारा, गिऱ्हाइकाशी मोजकंच बोलणारा, सदतीस वर्षांचा माणूस.

"अण्णा, तेव्हा हा तेरा वर्षांचा असेल," मी म्हटलं.

"म्हणून तर अठरा घाला. तेरा वर्षांच्या पोराच्या हातात आम्ही बंदूक दिली, हे कागदावर बरं दिसतं का?"

दिली तेव्हा यांना काही वाटलं नव्हतं. लिहायची म्हटल्यावर लाज वाटली. आणि मी तरी कुठला मोठा? मुकाट्यानं अठरा लिहिलं.

आई-बाप नसलेल्या बिरप्पाला कॅम्पात भांडी घासायला नेलं होतं. लहान पोराचा नाक्यावर कुणाला संशय येत नाही, हे अण्णांच्या सुपीक डोक्यात आलं आणि पोराच्या हातात बंदूक आली. नाक्यावरचा चपरासी नबीसाब पाण्याची घागर घेऊन वळला, तेवढ्यात बिरप्पानं गोळी झाडली. नबीसाब कुणाचा वैरी नव्हता. पोटासाठी नाक्यावर पाणी भरत होता. लढा संपल्यावर अण्णांनी मिरवणूक काढली आणि पोराला त्याच्या आत्याच्या दारात सोडून दिलं. कॅम्पातली घमेली मात्र आठवणीनं मोजून परत नेली.

आत्या चंद्रव्वा विधवा, भाकऱ्या विकून जगणारी. पोर जेवेना, दाराकडं पाठ करून बसेना, घागर दिसली की कोपऱ्यात जाऊन लपे. शेजारी आपली लेकरं घरात ओढून घेत. कालपर्यंत कॅम्पाचा जयजयकार करणारे हेच शेजारी. चंद्रव्वानं त्याला उखळाशी बसवलं. त्यानं शेंगा कुटायच्या आणि तिनं समोर भाकऱ्या थापायच्या. कुटता कुटता तो नाक्यावरचं सांगायचा आणि ती दर वेळी एकच म्हणायची, "तू लेकरू हुतास रं."

वर्षभर हेच चाललं. मग एक दिवस ती त्याला हाताला धरून नबीसाबच्या बायकोकडे घेऊन गेली. हुसेनबी सोलापुरात भावाच्या घरी विड्या वळत होती.

"ह्यानं मारलं तुज्या नवऱ्याला," चंद्रव्वा म्हणाली. "काय करायचं ते कर."

हुसेनबी त्याच्या काटकुळ्या हातांकडे बघत राहिली. "उमर क्या रे तेरी?"

"तवा तेरा हुतो."

ती पुष्कळ रडली. मग संतापून म्हणाली, "इसके हात में बंदूक कौन दिया?" ज्यानं दिली तो उत्तर द्यायला तिथं नव्हता. शेवटी हुसेनबी बिरप्पाला म्हणाली, "जा. बच्चा था तू." त्या दिवशी पोर पहिल्यांदा पोटभर जेवलं. पुढं त्याच्या हातची चटणी हुसेनबीच्या घरी जाऊ लागली, आणि ईदचा शिरखुर्मा न चुकता चंद्रव्वाकडे येऊ लागला.

मी अर्ज वाचून दाखवला. वयाशी आल्यावर बिरप्पा म्हणाला, "तेरा लिवा."

"आकड्यानं काय बिघडतंय रे तुझं?" अण्णा खेकसले.

"अठराचा असलो तर ती गोळी माजीच की, अण्णा. हुसेनबीनं लेकराला माफ केलंय. अठराच्या गड्याला न्हाय."

आणि तो चालता झाला. सत्कार सोडून, सही न करता.

आता पंचाईत अण्णांची. पत्रिकेत नाक्याचा हल्ला छापलेला, आणि गोळी झाडणाराच पळालेला. दुसऱ्या कुणाला श्रेय द्यावं तर जीव तुटतो. मग मान वर करून म्हणाले, "गोळी आम्हीच झाडली असं लिहा." मी तेही लिहिलं.

पंधरा ऑगस्टला समितीनं नव्या पेठेपर्यंत लाऊडस्पीकर लावले होते. मी बिरप्पाच्या दुकानात भाकरी खात होतो. तो कुटत होता, चंद्रव्वा भाकऱ्या रचत होती, आणि हुसेनबी चटणी न्यायला आली होती. अण्णांचा आवाज गरजला, "नाक्यावरची ती गोळी माझी होती! तिला मीच जबाबदार आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

बिरप्पाच्या हातातलं मुसळ थांबलं.

हुसेनबी कर्ण्याकडे बघत म्हणाली, "मैं पूछी थी ना, कौन दिया बोलके? आज बोल्या मुआ."

चंद्रव्वा उठली आणि सदतीस वर्षांच्या भाच्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "ऐकलास न्हवं? मालक आला गोळीचा. घिऊन गेला."

बिरप्पा उखळावर कपाळ टेकून मोठ्यानं रडला. तिकडं अण्णांना हार घालणं चाललं होतं.