न उघडलेल्या गठ्ठ्याची प्रस्तावना

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका सोमवारी, सकाळी साडेदहाला, मी माझ्या पहिल्या पुस्तकाची प्रस्तावना वाचली. तोवर ती छापून झाली होती.

मी सोलापुरात बाइंडिंगच्या कारखान्यात काम करते. छापखान्यातून मोठे कागद येतात, त्यांना फॉर्म म्हणतात. आम्ही बायका त्यांच्या घड्या घालतो, पानं क्रमाने लावतो. त्या दिवशी आलेलं काम माझ्याच पुस्तकाचं होतं. प्रस्तावना उशिरा आली, म्हणून तिचा आठ पानांचा वेगळा फॉर्म होता. घडी दाबताना ओळ दिसली:

‘या अल्पशिक्षित बाईंच्या विस्कळीत आठवणी मी ओळ न् ओळ नव्याने लिहून काढल्या, तेव्हा कुठे त्यांचे पुस्तक झाले.’

शेजारच्या नागाक्काला वाचून दाखवली.

“म्हंजे पोट तुझं, आन बाळंत झाला त्यो?”

सगळ्या हसल्या. मी हसले नाही.

पुस्तक माझ्या आईवर आहे. ती टॉवेलच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. सात वर्षं मी ते जेवणाच्या सुट्टीत लिहिलं. छापखान्याच्या रद्दी कागदांच्या कोऱ्या बाजूवर.

प्रकाशक म्हणाले होते, “ताई, नव्या माणसाला प्रस्तावना लागतेच. सरांचं नाव असलं की पुस्तक उचललं जातं.” सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक. एक प्रत प्रकाशकांकडे दिली. दुसरी, झेरॉक्स, घेऊन मी सरांच्या घरी गेले. पानं सुटू नयेत म्हणून गठ्ठ्याभोवती कागदाची पट्टी खळीने चिकटवली होती. कामातली सवय.

सर झोपाळ्यावर होते. मला बसा म्हणाले नाहीत. आत तोंड करून ओरडले, “अगं, ऐकलंस का? पुस्तकं शिवणाऱ्या बायका आता पुस्तकं लिहायलाही लागल्या!”

आतून हसण्याचा आवाज आला. मी मान खाली घातली. वर मीच “आशीर्वाद द्या, सर” असंही म्हणाले. त्यांच्या वाक्यापेक्षा माझं वाक्य मला जास्त टोचतं.

तीन महिन्यांनी गठ्ठा परत मिळाला. पट्टी होती तशीच. कुठे फाटलेली नाही, सुटलेली नाही. सरांनी एकही पान उघडलं नव्हतं. मला ते त्याच दिवशी कळलं. गप्प बसले, कारण पुस्तक यायला हवं होतं. माझ्या मजकुराची प्रुफं मी तपासली. प्रस्तावनेचं प्रूफ मागितलं नाही. ते मागायचं असतं, हेच माहीत नव्हतं. नव्याने लिहिणाऱ्यांनी एवढं माझ्याकडून घ्यावं: मागायचं असतं.

त्या सोमवारी मी घड्या थांबवल्या. मालक आले.

“काय झालं गं?”

“ह्या आठ पानांना मी हात लावणार न्हाय.”

“तू न्हाय लावलास तर दुसरी लावंल की.”

नागाक्काने हातातला कागद खाली ठेवला. मग तिच्या पलीकडचीने. मग बाकीच्यांनी. मालकांनी प्रकाशकांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

“ताई, सरांना दुखवून सोलापुरात पुस्तक काढणार तुम्ही?”

“करारात तुमी माझ्याकडनं लिहून घेतलंय, मजकूर सगळा माझा स्वतःचा हाय म्हणून. प्रस्तावनेत छापलंय, सरांनी लिहिला म्हणून. दोन्हीतलं एक खोटं. कुठलं, तेवढं सांगा.”

“अहो, सर उगाच लिहितील का?”

“आन सरांकडचा गठ्ठा माझ्याजवळ हाय. पट्टी न फोडलेला. बघायला या.”

“मग प्रकाशन समारंभ होणार नाही.”

“न्हाय झाला तरी चालंल.”

ती आठ पानं रद्दीत गेली. समारंभ झाला नाही. एका कार्यक्रमात सर मला कृतघ्न म्हणाले, असं दोघांनी सांगितलं. मी स्वतः ऐकलेलं नाही. अनुक्रमणिका आधीच छापली होती, त्यामुळे तिच्यात ‘प्रस्तावना’ हा शब्द राहून गेला. पुस्तकात ती पानं नाहीत. पुस्तक आईच्या कारखान्यातल्या पहिल्या पाळीपासून सुरू होतं.

दुसऱ्या पुस्तकाचा करार गेल्या महिन्यात झाला. प्रकाशक दुसरे आहेत. करारातली एक ओळ माझ्या हस्ताक्षरात आहे: ‘लेखिकेने वाचून सही केल्याशिवाय या पुस्तकात एकही पान जाणार नाही.’

तिच्याखाली दोघांच्या सह्या आहेत.