कोरांटीला उकळतं पाणी

आमच्या धुळ्याच्या घराला कुंपण कोरांटीचं आहे. पिवळ्या फुलांची, काट्यांची, हट्टी जात. कॉलनीतल्या नव्या सुना विचारतात, "आजी, तुमचीच एवढी कशी फुलते? खत काय घालता?" मी सांगते, "उकळतं पाणी." त्या हसतात. हसू देत. मी खोटं बोललेलीच नाही.

ऐंशीनंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. लग्न होऊन मी नाशिकहून आले ती एसटीत मांडीवर गुलाबाची कलमं घेऊन. नऊ कलमं. देवपुरातलं नवं घर, पुढे मुरमाड अंगण, नळाला पाणी एक दिवसाआड आणि डोक्यावर सासू नाही. मला वाटलं, मी राणी झाले. राणी कसली, नऊ कुंड्यांची मालकीण.

दुसऱ्या वर्षी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी मोठी नणंद, अक्का, आली. खानदेशात अखाजीला लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, सांजोऱ्या खातात आणि चार दिवसांनी सासरी जातात. अक्का गेल्याच नाहीत. त्यांच्या नवऱ्याने दुसरी आणली होती. अक्कांनी काय आणलं, तर एक पत्र्याची पेटी आणि तेलाच्या जुन्या डब्यात बांधावरून उपटलेली कोरांटीची तीन रोपं. सासरहून काटे घेऊन आलेली बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"अक्का, हे रानात उगवतं. अंगणात कोण लावतं?"

"तिले पानी लागत नही वं माय," त्या म्हणाल्या आणि कुंपणाच्या कडेला खड्डे खणायला बसल्या.

त्यांच्या अहिराणी 'शे' आणि 'माले-तुले'ला मी तोंडाला पदर लावून हसायची. पुस्तकी मराठी बोलते म्हणून मीच शहाणी. वर्षभर धुणीभांडी त्यांनी केली, कुरडया त्यांनी घातल्या, मी गुलाबांवरची कीड वेचली. एकदा शेजारणी बसल्या असताना कुणीतरी विचारलं, "नणंदबाई किती दिवस आहेत?"

"कोरांटी जगेल तोवर," मी म्हणाले.

सगळ्या हसल्या. अक्काही हसल्या. मग पदराने हात पुसत म्हणाल्या, "बरं. कोरांटी वाळनी का मी जास."

थट्टाच होती ती, पण चार बायकांसमोर झालेली. त्या दिवसापासून अक्कांचा या घरातला मुक्काम त्या तीन झुडपांवर येऊन ठेपला, आणि त्यांना दुसरं घर नव्हतं. हे मला कळत होतं. कळत होतं म्हणून तर मी कामाला लागले.

चैत्र लागला तशी दुपारी अक्का आतल्या खोलीत आडव्या झाल्या की मी पंपाचा स्टोव्ह पेटवायची, पातेलंभर पाणी उकळायची आणि पाळीपाळीने एकेका झुडपाच्या बुंध्यात ओतायची. रेशनच्या रांगेत उभं राहून आणलेलं रॉकेल मी त्यात जाळलं. पानं गळायला लागली तेव्हा कोण आनंद झाला मला. एखाद्या गुराख्याला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं की बाई, कोरांटी दर उन्हाळ्याला अशीच खराटा होते. ऊन फुकटात करत होतं त्यासाठी मी स्टोव्हला पंप मारत होते. एवढी शहाणी.

अखाजीला आठवडा राहिला तेव्हा शेजारणी जमलेल्या पाहून मी एक काडी कटकन मोडली.

"अक्का, वाळली हो तुमची."

त्यांनी माझ्या हातातून काडी घेतली. नखाने साल जराशी खरवडली, पाहिली आणि खरवडलेल्या जागेवर अंगठा ठेवला.

"हां," त्या म्हणाल्या. "वाळनी."

दुसऱ्या सकाळी पेटी घेऊन त्या फैजपूरकडे चुलत बहिणीच्या गावी गेल्या, केळीच्या बागांत मजुरीला. पन्नाशीला टेकलेली बाई, डोक्यावर केळीचे घड. आमचे हे म्हणाले, "अखाजी तरी होऊ द्यायची होती," आणि पेपरचं पान उलटलं. बहिणीबद्दल ते तेवढंच बोलले. मी गुलाबांना पाणी घातलं. ओली गोणपाटं बांधूनही अखाजीपर्यंत त्यातले सहा करपले.

आषाढात कोरांटी फुटली. तिन्ही झुडपं, बुंध्यापासून. दिवाळीत कुंपण पिवळंधमक. अक्कांना दोन ओळींचं पत्र टाकायला एक कार्ड लागलं असतं. पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा पाणी उकळलं, या खेपेला निव्वळ रागाने. ती काही पाण्याला दाद देईना.

दहा-बारा वर्षांनी फैजपूरला एका लग्नात अक्का भेटल्या. वाळल्या होत्या, दात गेले होते. पंगतीत माझ्या शेजारीच बसल्या. मला राहवेना.

"अक्का, ती काडी आतून..."

"हिरवी व्हती."

"मग बोलला का नाहीत?"

"तू भर उनमा स्टो पेटाडे, ते माले आयकू ये." त्या बोळक्या तोंडाने हसल्या. "झाडनं काय, ते फुटतं. पन कोनी मन्हासाठे रोज पानी उकाळे, तठे मी कशी ऱ्हाऊ? नी रॉकेल गयं ते येगळंच."

'घरी चला' हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. मी वर जिलेबी कोंबली. अक्कांनी पाहिलं असावं, कारण त्यांनी स्वतःच दुसरं काढलं. "माले एक फांदी धाडशी? इथं कुंपनले काही नही."

"धाडते ना," मी म्हणाले.

त्यानंतर फैजपूरकडे जाणारी ओळखीची माणसं माझ्या दारावरून कितीदा गेली. दर वेळी वाटायचं, कोरांटी पाहून तिथे कुणी विचारलं, कुठून आणली, तर अक्का काय सांगतील? पुढे फांदी धाडायची गरजच उरली नाही, त्या गेल्याचं कळलं.

आमच्या कॉलनीत माझ्या कोरांटीची फांदी नाही असं कुंपण शोधून दाखवा. मागायला आलेल्या कुणालाही मी नाही म्हणत नाही, कात्री घेऊन स्वतः कापून देते. सगळ्यांकडे जगते ती फांदी. आजपर्यंत एकही वाया गेली नाही.