दातानं मिटलेले मणी

तिला सगळी गल्ली 'पक्कड' म्हणायची. खरं नाव शाळेच्या कागदावर तेवढं उरलं होतं, आणि तेही मुलीच्या, भिंगरीच्या, नावापुढं आईचं नाव लिहावं लागतं म्हणून.

त्या गल्लीत घरोघरी मासेमारीच्या जाळ्यांचं काम चालायचं. जाळं पाण्यात तळाला जावं म्हणून त्याच्या खालच्या दोराला शिशाचे मणी बसवतात. मणी वाटाण्याएवढा, एका बाजूनं चिरलेला. चिरेत दोर घालायचा आणि मणी दाबून मिटायचा, एवढंच काम. पण एका जाळ्याला असे शेकड्यांनी मणी. सुरुवातीला मुकादमानं प्रत्येक घरात लोखंडी पक्कड दिली होती. पक्कड उचला, मणी धरा, दाबा, पक्कड खाली ठेवा, दोर ओढा, पुन्हा पक्कड उचला. बायका दुपारपर्यंत मेटाकुटीला यायच्या.

ही लग्न होऊन आली आणि आठवड्याच्या आत तिनं पक्कड कोपऱ्यात टाकून दिली. मणी सरळ दाढेखाली धरला, करकन मिटला, दोर पुढं ओढला. दोन्ही हात मोकळे. मुकादम उंबऱ्यात उभा राहून बघतच राहिला.

"अरे, ही बाई आहे का पक्कड आहे?" तो म्हणाला, आणि सगळ्या बायका हसल्या. नाव पडलं ते पडलं.

मुकादम हुशार माणूस. त्यानं तिला घरोघर फिरवलं. "वहिनी, जरा यांनापण दाखवा तुमची हातचलाखी." "हाताची कुठं, दाताची म्हणा," असं ती म्हणायची आणि दाखवायची. महिन्याभरात अख्खी गल्ली दातानं मणी मिटू लागली. मग मुकादम एक दिवस पोतं घेऊन आला आणि वाटलेल्या सगळ्या पकडी गोळा करून घेऊन गेला. आता त्यांची गरज काय, म्हणाला.

काम करून वर्ष झालं की बाईच्या हिरड्यांवर, दातांच्या मुळाशी, निळसर काळी रेघ उमटायची. गल्लीत त्याला 'रेघ येणं' म्हणत. नव्या सुनेला रेघ आली की जुन्या बायका तिचा ओठ वर करून बघायच्या आणि म्हणायच्या, "बसला गं तुझा जम." पक्कडची रेघ सगळ्यांत ठळक. तिला त्याचा अभिमान होता. हसताना ती ओठ जरा जास्तच वर न्यायची.

भिंगरी तिची एकुलती एक मुलगी. बाप ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. पोर मण्यांच्या पोत्यावरच वाढली. पोत्यावर झोपायची, मण्यांनी खेळायची, एखादा मणी गालात धरून तासन्‌तास चघळायची. चौथ्या वर्षी तिनं आईचं बघून पहिला मणी मिटला. बारीक जाळ्यांचे मणी ज्वारीच्या दाण्याएवढे असतात, मोठ्यांच्या दाढेखाली ते चेपून जातात. भिंगरीच्या दुधाच्या दातांना ते नेमके जमायचे. "माझी छोटी पक्कड," असं म्हणून आई तिचा पापा घ्यायची.

तिसऱ्या वर्षी घडाघडा बोलणारी ती पोर सहाव्या वर्षी भलतीच झाली. एका जागी बसेना. काल शिकलेलं अक्षर आज ओळखेना. सांगितलेलं अर्धवट ऐकायची आणि मध्येच पळून जायची. कुणी अडवलं की किंचाळायची, हाताला येईल ते फेकायची. पोट दुखतं म्हणून गडाबडा लोळायची, आणि आई म्हणायची, शाळा चुकवायची नाटकं. पक्कडची जाऊ म्हणायची, "लाडानं शेफारलीय. दोन ठेवून दे." पक्कडनं दोन ठेवून दिल्या. मग चार. एकदा उलथन्यानं मारलं. वळ पाठीवर आठ दिवस होते. पोर रडायची थांबली की आई तिला जवळ घ्यायची आणि मग दोघी पुन्हा कामाला बसायच्या, एका दोराच्या दोन टोकांना, दातानं मणी मिटत.

शाळेच्या व्हरांड्यात एक बाक होता. वर्गात ज्यांचा त्रास होतो त्या मुलांना तिथं बसवत. भिंगरीचा बहुतेक दिवस तिथंच जायचा. आणखी चारजण असायचे. सगळे जाळ्यांच्या गल्लीतले. शिक्षक त्याला 'जाळीवाल्यांचा बाक' म्हणत. म्हणणाऱ्यांना त्यात गंमत वाटायची. एवढी शिकलेली माणसं, पण पाचही पोरं एकाच गल्लीतली कशी, असा प्रश्न कुणाच्या डोक्यात एकदाही आला नाही.

एके दिवशी भिंगरी एका मुलीच्या दंडाला चावली. रक्त आलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेनं, पक्कडला बोलावून घेतलं.

"हे बघा, दाखला लिहून तयार आहे. सही तेवढी बाकी."

"बाई, एवढी चूक पोटात घाला. मी तिला घरी चांगली बडवते."

"बडवून काय होणार? आई-बापांचं वळण तसं. तुमच्या गल्लीतली सगळीच पोरं रानटी. डॉक्टरला दाखवा. पोर सुधारण्यासारखी आहे असं त्यांनी लिहून दिलं तर बघू. नाहीतर दाखला घेऊन जा."

पक्कड मान खाली घालून बाहेर आली. दुसरी शाळा नदीपलीकडं, आणि तिथं दाखल्यावरचा शेरा वाचून कोण घेणार? पोर आपल्यासारखी जन्मभर दोराला बसणार, हे तिला त्या व्हरांड्यात लख्ख दिसलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला तुटक. त्यांनी भिंगरीचं पोट दाबलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या, चारपाच प्रश्न विचारले. पक्कड म्हणत होती, "डोकं शांत होईल अशी एखादी गोळी द्या हो बाई." बोलताना तिचा ओठ वर गेला, आणि डॉक्टरीणबाईंचं पोरीकडलं लक्ष उडालं.

"तोंड उघडा तुम्ही. तुम्ही, ती नव्हे."

पक्कडनं उघडलं.

"घरी काय काम करता?"

काम विचारल्यावर ती जरा खुलली. जाळ्यांचं सांगितलं. पदराच्या गाठीत एकदोन मणी नेहमी असायचेच. एक काढला. "अश्शी," म्हणाली, आणि मणी दाढेखाली घेऊन करकन मिटून दाखवला.

"थुंका!" डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठल्या. "आधी थुंका ते!"

"मलापण येतं," असं म्हणत भिंगरीनं फ्रॉकच्या खिशातून मणी काढून तोंडात टाकलासुद्धा होता. डॉक्टरीणबाईंनी दोन बोटं घालून तो बाहेर काढला. पोरीनं त्यांचाही चावा घेतला. त्यांनी नळाखाली बोट धरलं आणि दोघींचं रक्त काढायला सांगितलं.

दोघींचं रक्त तपासायला मोठ्या शहरात गेलं. आठ दिवसांनी कागद आला. डॉक्टरीणबाईंनी सावकाश सांगितलं. हे शिसं आहे. ते अंगात जातं, रक्तात जातं, हाडात जाऊन बसतं. मोठ्यांपेक्षा लहान पोरांच्या अंगात ते जास्त मुरतं, आणि त्यांचा मेंदू अजून घडत असल्यानं घाव तिथंच बसतो. मग पोर स्थिर राहत नाही, शिकलेलं टिकत नाही, पटकन चिडतं, मारतं, चावतं. पोटदुखी खरी असते.

"म्हणजे ती नाटकं नव्हती?"

"नव्हती."

पक्कडनं भिंगरीच्या पाठीकडं बघितलं. फ्रॉकच्या आत उलथन्याचे वळ कुठं होते ते तिला न बघता सांगता आलं असतं.

"आता बरी होईल?"

"जे गेलं ते सगळं परत येईल असं खोटं मी सांगणार नाही. पण आणखी जाणं आजपासून थांबवता येईल. घरातून ते काम काढा. घर कोरडं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. खायच्या आधी दोघींनी साबणानं हात धुवा. औषध देते ते द्या. आणि मारू नका."

तिथून ती घरी गेलीच नाही. पोरीचा हात धरून थेट मुकादमाच्या गोदामात गेली. मुकादम टेबलाशी बसला होता. टेबलावर स्वच्छ पुसलेली पक्कड होती, आणि हातात रबरी मोजे. त्यानं मोजे काढायचीही तसदी घेतली नाही.

"या वहिनी, अशा भरदुपारी?"

"हे मोजे कशाला घालता?"

"शिशानं हात काळे होतात ना."

"आणि मणी आम्हाला पोत्यात का येतात? कारखान्यातून तर खोक्यात येतात, ट्रकातून उतरताना बघितलंय मी."

"खोकी जागा खातात, म्हणून इथंच मोकळी करतो."

गोदामाच्या मागच्या अंगाला रिकामी खोकी दुमडून रचली होती. ती तिकडं चालू लागली तसा मुकादम उठला. "अहो, तिकडं कशाला? घाण आहे सगळी." पण तोवर तिनं एक झाकण ओढलं होतं. तिला वाचायला वेळ लागायचा. तिनं बोट ठेवून एकेक शब्द वाचला. लहान मुलांपासून दूर ठेवा. तोंडात घालू नका. हाताळल्यावर हात धुवा. खाली चित्र होतं. तोंडाकडं हात नेणारं मूल आणि त्यावर लाल फुली. चित्र समजायला अक्षर यावं लागत नाही. म्हणून तर खोकी गल्लीपर्यंत पोचत नव्हती.

"तुम्ही हे वाचलं होतं."

"वहिनी, दातानं करा असं मी कधी म्हणालो? मी तर पकडी दिल्या होत्या. दातानं करायची टूम तुमचीच."

हे खरं होतं, आणि म्हणूनच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "टूम माझी," ती म्हणाली. "आणि पकडी काढून कुणी नेल्या? मला घरोघर कुणी फिरवलं? नाव कुणी ठेवलं? तुमची पोरं कधी या गोदामात फिरकली नाहीत, का हो? मी अडाणी. माझं बघून गल्लीनं केलं, ते पाप माझ्या माथ्यावर. पण तुम्ही वाचलंत आणि गप्प बसलात. हे झाकण मी घेऊन जाते."

"तुमचं काम बंद होईल, लक्षात ठेवा."

"करून बघा. मीच बंद केलंय."

गल्लीत जाऊ वाट बघत होती. मुकादमाचा निरोप तिच्या आधी पोचला होता. "आमच्या पोटावर पाय देतेस? तुझी पोर बिघडली म्हणून सगळ्यांना उपाशी मारणार?" पक्कडनं पुढं होऊन जावेचा ओठ अंगठ्यानं वर केला. दहा वर्षांमागं याच अंगठ्यानं असाच वर करून ती हसली होती. रेघ होती. मग तिनं जावेच्या धाकट्याला जवळ ओढलं. जाळीवाल्यांच्या बाकावर बसणाऱ्या पाचांतला तो एक. त्याच्या गालात मणी होता. तिनं हात पुढं केला, आणि पोरानं सवयीनं मणी तिच्या तळहातावर थुंकला. जावेनं पोराच्या तोंडात बोट घालून आणखी मणी आहे का ते चाचपलं.

दुसऱ्या दिवशी पक्कड शाळेत गेली तेव्हा पाठोपाठ जाऊही होती. मोठ्या बाईंच्या टेबलावर तिनं रक्ताचा कागद ठेवला, झाकण ठेवलं.

"बाई, तुम्ही म्हणालात आमचं वळण तसं. हे वळण नाही, हे विष आहे. मी माझ्या हातानं घातलं, ते मी मान्य करते. पण तुमच्या बाकावर पाच पोरं, पाचही एका गल्लीतली, रोज तुमच्या डोळ्यांसमोर. तुम्ही मोजली कशी नाहीत? मी अडाणी होते. तुम्ही कोण होता?"

मोठ्या बाईंचा चेहरा लाल झाला. "शाळा म्हणजे दवाखाना नव्हे."

"मग दवाखान्याला चिठ्ठी लिहा. पाचही पोरांची. आणि तोवर त्या बाकावर पोरं बसणार नाहीत, मी बसते."

ती खरोखरच जाऊन बसली. जाऊ शेजारी. मधल्या सुट्टीपर्यंत आणखी दोन आया आल्या. बाक भरला. येणारी-जाणारी मुलं फिदीफिदी हसत होती. सुट्टी संपल्यावर मोठ्या बाई स्वतः बाहेर आल्या. हातात चिठ्ठी होती. माफी त्यांनी मागितली नाही. पाच नावं मात्र स्वच्छ अक्षरात लिहिली होती, आणि भिंगरीचा दाखला त्यांनी बायकांच्या देखत दोनदा फाडला.

पाचांपैकी पाचांच्या रक्तात शिसं निघालं.

आता भिंगरी वर्गात बसते. सगळा वेळ नाही. तीनचार ओळी लिहून होतात, मग उठून खिडकीपर्यंत जाऊन येते. बाई तिला जाऊ देतात. काही अक्षरं अजून रात्रीत पुसून जातात. पक्कड आता शाळेत झाडलोट करते, ओल्या फडक्यानं. पाचांचे कागद बघून गल्लीनं मण्यांचं काम सोडलं, आणि काही दिवस फार वाईट गेले. दोन घरं अजून तिच्याशी बोलत नाहीत.

आणि मुकादमाचं काही वाकडं झालं नाही. पोती त्यानं नाल्यापलीकडच्या वस्तीत नेली. तिथल्या बायकांना तो सांगत होता म्हणे, "पूर्वी आमच्याकडं एक बाई होती, नुसत्या दातानं मिटायची. बघा तुम्हाला जमतंय का." हे कानावर आलं त्या दिवशी पक्कडनं फडकं बादलीत टाकलं, भिंगरीचा हात धरला, झाकण काखेत मारलं आणि नाला ओलांडला. पहिल्याच ओट्यावर सहा बाया दोर मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्या मध्ये एक रांगतं मूल.

"कोण गं तू?" एकीनं विचारलं.

"तुमच्या मुकादमानं जिची गोष्ट सांगितली, ती," पक्कड म्हणाली. बोटांनी तिनं आपला ओठ पार वर केला आणि रेघ दाखवली. मग खाली वाकून त्या मुलाच्या मुठीतला मणी काढून घेतला. "आता तुम्ही तोंडं उघडा. एकेक करून. मी बघितल्याशिवाय जायची नाही."